पताका असेल तर पुढे या

सोलापूरच्या सात रस्त्याला येऊन मिळणारे सात रस्ते नेमके कोणते, हा प्रश्न दोन सोलापूरकरांना एकत्र उभं करून कधी विचारू नये. पाचापर्यंत एकमत होतं. सहाव्याला "तो कुठला बे रस्ता, ती तर गल्ली" असा आक्षेप येतो आणि सातव्यासाठी तिसऱ्या माणसाला हाक मारावी लागते. कुणी रंगभवनाकडून मोजायला सुरुवात करतो, कुणी विजापूर रोडकडून, कुणी होटगी रोडकडून. एवढं मात्र सगळ्यांना मान्य असतं, की सातही रस्ते चाकांचे आहेत. पायांसाठी आठवा आहे का, हे मोजायची वेळ अजून कुणावर आलेली नाही.

समजा, चालण्याच्या आणि सायकलीच्या वाटांबद्दल सोलापूरकरांचं मत घ्यावं असं कुणा अधिकाऱ्याच्या मनात आलं आणि त्यासाठी सात रस्त्याचीच निवड झाली. पहिला प्रश्न मंडपाचा. रस्त्यात टाकला तर वाहतूक अडेल, म्हणून तो फुटपाथवर पडेल. दोन टेबलं, चार खुर्च्या, पाण्याचा जार आणि चालण्याचे फायदे सांगणारा फ्लेक्स. त्या फ्लेक्सला वळसा घालून चालणारे रस्त्यावर उतरतील. मत घेतलं जाईल ते सिग्नलला उभ्या असलेल्यांचं, कारण एका जागी सापडतात ते तेवढेच.

मतं काय येतील हे सांगायला ज्योतिषी नको. दुचाकीवरचा तरुण म्हणेल, "फुटपाथ पाहिजेच की मालक, गाडी लावायला जागाच कुठाय आता?" दुकानदार म्हणेल, फुटपाथ अजून दोन फूट रुंद करा, निम्मा माल आतच राहतोय. चारचाकीतले गृहस्थ काच खाली करून सायकलीची महती सांगतील: गुडघे, साखर, रक्तदाब. सायकल त्यांच्याकडे आहे, चांगली गिअरची. रविवारी ती गाडीच्या टपावर बांधून ते शहराबाहेर नेतात आणि तिथे चालवतात, कारण शहरात सायकल चालवणं धोक्याचं. धोका नेमका कशाचा, हे सांगणार तोच हिरवा दिवा लागेल. शेवटी एक आजोबा सगळे प्रश्न शांतपणे ऐकून घेतील आणि म्हणतील, "ते राहू द्या हो. पाणी रोज कधी सोडणार, तेवढं लिहा."

आजोबांना हसू नये. उजनीसारखं धरण जिल्ह्यात असून ज्या शहरात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येत आलं, तिथे कुठल्याही विषयावरचं जनमत पाण्यापाशीच जाऊन थांबणार. शिवाय पाणी आणि फुटपाथ यांचं नातं वाटतं तेवढं लांबचं नाही. आपल्याकडे जलवाहिनीसाठी चर खणतात तेव्हा डांबर परत रस्त्यावर पडतं, आणि उरलेला मुरूम जातो तो पायी चालणाऱ्याच्या वाटेला.

या मंडपाकडे न फिरकणारे मात्र बरेच आहेत. शहराच्या पूर्व भागातून यंत्रमागावर जाणारा कामगार सायकल दामटत निघून जातो. पाळी गाठायची असते. १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिली तेव्हापासून या शहरात भोंग्याच्या आधी पोचण्यासाठी माणसं चालत आलेली आहेत, त्यात कुणी त्यांचा अभिप्राय मागितला नाही. विडी कामगार बायकांचं तेच. कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, घरी बसून विड्या वळायच्या, आणि वळलेल्या विड्या टोपलीतून परत द्यायला जायचं. कुंभारीच्या रे नगरात कामगारांसाठी ३०,००० घरांची वसाहत उभी राहते आहे. त्यातल्या १५,००० घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ ला खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. घर शहराबाहेर गेलं, पण काम शहरातच राहिलं. मधलं अंतर कसं कापायचं, ते ज्याचं त्याने पाहावं.

सरकारने एकदा विचारलं होतं, नाही असं नाही. २०११ च्या जनगणनेत कामावर जाणाऱ्यांना प्रश्न होता: किती लांब जाता आणि कशाने जाता, पायी, सायकलीने, बसने की आणखी कशाने? फक्त त्यातून शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले लोक वगळले होते. म्हणजे घरी विड्या वळून रोज टोपली घेऊन चालणारी बाई बहुधा सरकारच्या लेखी कुठेच जात नाही. ती उंबऱ्याच्या आत बसलेली आहे. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली, तेव्हा ती बसूनच राहिली.

कायदा मात्र तिच्या बाजूने भरभक्कम आहे. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अडथळ्याविना फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ मध्येच पादचाऱ्यांसाठी मापं घालून दिली आहेत: चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, कडेची उंची १५० मिलीमीटरपेक्षा जास्त नको, डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही लोंबकळायला नको. ही मापं वाचताना एखाद्या परदेशी पाककृतीची आठवण होते. सगळं समजतं, जिन्नस मात्र गावात मिळत नाहीत. २०२२ साली देशातल्या अपघातांत ३२,८२५ पादचारी मेले. केंद्राच्याच अहवालातला आकडा आहे. विनोदाला इथे जागा नाही, म्हणून पुढे जाऊ.

आता या शहरावर एक मोठा अन्याय होतो तो दूर केला पाहिजे. सोलापूरला पायी चालण्याचा रस्ता मोकळा करता येत नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याने जानेवारीत यावं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती ६८ लिंगं स्थापली, असं परंपरा सांगते. मकर संक्रांतीच्या यात्रेत हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात आणि या ६८ लिंगांना फेरी घालतात. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी घराहून उंच काठ्या तोलत अख्खं शहर पायाखाली घालतात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, तिसऱ्या दिवशी होम मैदानावर होमविधी.

वाहतूक नियोजनाच्या विद्यार्थ्याने ही यात्रा डोळे उघडे ठेवून पाहावी. आधी कितीतरी दिवस मिरवणूक मार्गाची पाहणी होते. अधिकारी स्वतः त्या मार्गाने चालतात, हे वाक्य दोनदा वाचायला हरकत नाही. खड्डे बुजतात. लोंबकळणाऱ्या तारा बाजूला होतात, कारण नंदीध्वजाला २.२ मीटर पुरत नाहीत. आड येणारी टपरी आपणहून मागे सरकते, वाहनांना पर्यायी मार्ग दिला जातो आणि त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत येते. कुणी 'व्यापार बुडेल' म्हणत नाही. कुणी 'पार्किंगचं काय' असं विचारत नाही. हरकती नाहीत, सूचना नाहीत, सल्लागार कंपनी नाही. शेकडो वर्षं टिकलेला, ठरलेल्या थांब्यांचा, शहराला वळसा घालणारा पायी मार्ग सोलापूरपाशी आहे आणि त्याच्या बाजूने जनमत शंभर टक्के आहे. तो फक्त वर्षातून मोजके दिवसच उघडा असतो.

मग सात रस्त्यावर दप्तर पाठीला लावून उभ्या असलेल्या पोरीचं काय चुकतं? पाय तिलाही आहेत. रस्ता तोच, पोलीसमामाही तेच. तिच्या हातात पताका नाही, एवढंच.

हा नियम एकट्या सोलापूर शहराचा नाही, जिल्ह्याचाही आहे. आळंदी आणि देहूच्या पालख्या ज्या वाटांनी पंढरपूरला येतात, त्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ ला झालं. ज्ञानेश्वर महाराजांचा मार्ग सुमारे २२१ किलोमीटरचा, तुकाराम महाराजांचा सुमारे १३०. खर्च अनुक्रमे ६,६९० आणि ४,४०० कोटींच्या घरात. आणि त्या आराखड्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट धरलेली. महामार्गाच्या कागदावर पाय उमटले, ही लहान गोष्ट नव्हे, आणि वारकऱ्यांइतका हक्क त्यावर दुसऱ्या कुणाचा नाहीच. एकटा चालला तर तो अडथळा, लाखोंनी चालले तर तो सोहळा. आषाढात शेगावची गजानन महाराजांची पालखी सोलापुरात मुक्कामाला येते तेव्हा एरवी हॉर्न वाजवून रस्ता मागणारे गाडी कडेला लावून, चप्पल काढून उभे असतात.

उमेदवारालाही हे गणित ठाऊक असतं. सोलापूर महापालिकेत मार्च २०२२ पासून प्रशासक होते. नगरसेवक निवडायचा मुहूर्त निघाला १५ जानेवारी २०२६ चा, नेमका यात्रेच्या धामधुमीत. १०२ जागा. प्रचारात उमेदवार चालतात, त्याला पदयात्रा म्हणतात. पुढे ताशा, मागे कार्यकर्ते, दोन्ही बाजूंना थांबलेली वाहनं. पादचाऱ्याला एवढा प्रशस्त रस्ता मिळालेला पाहून त्यांना शहरात फुटपाथची गरज वाटली नाही, तर दोष कुणाला द्यायचा?

मत विचारायचा एक मोठा सोहळाही होऊन गेला आहे. २०१५ मध्ये केंद्राने स्मार्ट सिटी योजना आणली आणि शहर कसं हवं ते नागरिकांनाच विचारा म्हणून सांगितलं. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या २० शहरांची यादी लागली, त्यात सोलापूर नववं. रंगभवनाकडचा रस्ता स्मार्ट झाला, होम मैदानाचं रूप पालटलं. ३१ मार्च २०२५ ला योजनेची मुदत संपली. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला या दोन उड्डाणपुलांची चर्चा तर त्या सगळ्या वर्षांत चालूच होती. चर्चाच ती, तिला फुटपाथ लागत नाही. ९ जून २०२५ पासून होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याला विमान उडू लागलं. सोलापूरकर आनंदला, आणि आनंदावंच. फक्त विमानतळाकडे पायी निघालेल्याने घरून लवकर निघावं.

परदेशात जनमत घेतात ते कसं, हेही पाहून घेऊ. पॅरिसमध्ये २३ मार्च २०२५ ला नागरिकांना विचारलं, की आणखी ५०० रस्ते गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना द्यावेत का? सुमारे ६६ टक्के 'हो' म्हणाले. मतदान किती? जेमतेम चार टक्के. बाकीचे ९६ टक्के त्या दिवशी काय करत होते कोण जाणे. सोलापुरात असा कौल घेतला तर मतदान चांगलं होईल, फक्त केंद्रावर गाडी न्यायची मुभा हवी. नेदरलँड्सचं उदाहरण देणाऱ्यांनी मात्र जरा जपून द्यावं. ते लोक जन्मजात सायकलस्वार आहेत, हा आपला गोड गैरसमज. साठच्या दशकात तिथेही मोटारींचंच राज्य होतं. १९७१ साली तिथे अपघातांत सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, सायकली आडव्या टाकून वाट अडवून बसले, आणि मग वाटा आखल्या गेल्या. थोडक्यात, तिथेही मोर्चाच काढावा लागला.

तेव्हा सात रस्त्यासाठी एक योजना सुचवायला हरकत नाही, आणि तिला एक रुपया लागणार नाही. रस्ता ओलांडू पाहणाऱ्याने एकट्याने ओलांडू नये. पंचवीस जण जमेपर्यंत थांबावं. मग पुढे एकाने पताका धरावी, दुसऱ्याने शिट्टी वाजवावी, बाकीच्यांनी दोन-दोनच्या रांगेत चालावं. शाळेच्या पोरी मध्ये, टोपलीवाल्या बायका पुढे, यंत्रमागवाल्यांच्या सायकली हातात धरून मागे. वाहतूक आपोआप थांबेल. दोन-चार वाहनचालक तर हातही जोडतील. सकाळी शाळेच्या वेळेला एक, पाळी सुटताना एक, अशा रोजच्या ठरलेल्या दिंड्या लावल्या तर सहा महिन्यांत तारा वर जातील आणि वर्षभरात खड्डे बुजतील. कुणी मानाच्या पहिल्या पादचाऱ्याचा सत्कारही ठेवील.

ही योजना चौकातल्या चहाच्या टपरीवर चार जाणत्यांपुढे मांडून पाहिली, तर चर्चा कशी वळेल तेही उघड आहे. कल्पना सगळ्यांना पसंत पडेल. स्वागत कमान कुठे उभारायची यावर थोडी घासाघीस होईल आणि ती फुटपाथवर उभारायचं ठरेल. आवाज किती ठेवायचा यावरही तोडगा निघेल. मग कोपऱ्यातला एकजण विचारेल, "सगळं बरोबर आहे अण्णा, पण पताकेचा रंग कोणता?" त्याबरोबर चहा थंड होईल. रंगासाठी समिती नेमली जाईल, समितीत सगळ्यांना प्रतिनिधित्व दिलं जाईल, आणि तिचा अहवाल येईपर्यंत सात रस्त्याच्या पादचाऱ्यांनी एकेकट्याने, आपापल्या जबाबदारीवर, दोन्हीकडे बघून ओलांडावं, असं तूर्त ठरेल.