गाळात गेलेला सदस्य

आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी कधी येणार हे पंचांगात छापायला लागले, तर लोक लग्नाच्या तारखा त्यावरूनच काढतील. जायकवाडी धरणाचा नाथसागर पैठणला, आम्ही पन्नासेक किलोमीटर अलीकडे. मधल्या वाटेत पाण्याचा उत्साह मावळतो. ड्रम, टाक्या, कळश्या आणि टँकरवाल्याचा मोबाइल नंबर ही इथल्या माणसाची खरी इस्टेट. अशा गावात पाणी काढून टाकायचं काम कुणाच्या वाट्याला यावं? माझ्या.

बीड बायपासकडच्या आमच्या सोसायटीत सांडपाणी शुद्ध करणारा छोटा एसटीपी आहे. त्याच्याजवळून जाताना सगळे नाकाला रुमाल लावतात. वार्षिक सभेत मी एवढंच विचारलं, "गाळ उपसायच्या टँकरवर इतका खर्च का होतो?" सभेत प्रश्न विचारणाऱ्याला त्याच विषयाच्या समितीवर घ्यायचं, हा सहकाराचा अलिखित नियम. समितीत मी एकटाच होतो.

मग मी एक पुस्तक वाचायला बसलो. टाकीतल्या शंभर किलो गाळात घन ऐवज जेमतेम एक-दोन किलो, बाकी सगळं पाणी! म्हणजे आम्ही पैसे मोजून टँकरने पाणी आणत होतो आणि पुन्हा पैसे मोजून टँकरनेच ते पाठवत होतो. एक टक्क्याचा गाळ वीस टक्क्यांपर्यंत घट्ट केला, तर विसावा हिस्साच उरतो. मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी 1914 मध्ये ॲक्टिव्हेटेड स्लजची पद्धत जगापुढे मांडली आणि सांडपाण्याचा प्रश्न सोडवला. उरलेल्या गाळाचं त्यांनी बहुधा समितीवर सोपवलं असावं.

आमच्याकडे एक फिल्टर प्रेस धूळ खात पडली होती. प्लेटांवर कापड चढवायचं, प्लेटा आवळायच्या, पंपाने गाळ आत दाबायचा. पाणी कापडातून बाहेर, घट्ट गाळाचा केक आत. अडचण एकच. गाळाच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. (इथे मला आमची कार्यकारिणी आठवली.) त्यांची दिलजमाई करायला पॉली नावाची पावडर लागते.

"सर, पॉली हळूहळू भुरभुरायची असती," ऑपरेटर मामा म्हणाले.

"मामा, त्यामागे शास्त्र आहे," असं म्हणून मी अख्खी पुडी बादलीत उपडी केली. बाहेरून ओल्या, आतून कोरड्या अशा बुळबुळीत गाठी झाल्या. त्या विरघळेनात, म्हणून दुसरी पुडी टाकली.

"सर, काय करायलात?"

पॉली जास्त झाली की कणांवरचा भारच उलटा होतो आणि ते नव्याने भांडायला लागतात. वर उरलेल्या पॉलीचा चिकटा कापडाची भोकं बुजवतो. हे त्याच पुस्तकाच्या पुढच्या पानावर होतं. मी उद्घाटनाच्या घाईत होतो.

अध्यक्ष आणि हौशी सदस्य जमले. मी पांढरा सदरा घातला होता. मामांनी प्रेस सैल केली. केक पडण्याऐवजी आतला सगळा रबडा धबकन बाहेर आला, आणि सर्वांत पुढे मी उभा होतो. अध्यक्षांनी दोन पावलं मागे सरत टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी नळाचा वार नव्हता. घरातली टाकी तळाला गेलेली. सौभाग्यवती दारातूनच म्हणाल्या, "अहो, तुमचं ते शुद्ध पाणी आहे ना, सभेत कौतुक करत होतात ते?" बागेच्या पाइपखाली, मुलांच्या देखत, मी सदरा धुतला. स्वतः मात्र टँकरची वाट बघत बाकावर बसलो. ते पाणी झाडांसाठी असतं, अंघोळीसाठी नाही, हे शास्त्र निदान मला पाठ होतं.

पुढे मामांनीच जुने वाळवणाचे वाफे उकरले. खाली खडी, वर वाळू, त्यावर वीतभर गाळ. मराठवाड्याच्या एप्रिलमधल्या उन्हापुढे कुठली प्रेस टिकणार? गाळाला भेगा पडल्या, मी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकले आणि त्याच संध्याकाळी अवकाळी बरसला. वाफ्यांत तळं. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "जायकवाडी किती टक्के?"

तो गाळ पुन्हा वाळला तेव्हा त्यातून टोमॅटोची रोपं उगवली. टोमॅटोचं बी पोटातून आणि एसटीपीतून सहीसलामत पार होतं. जगभरच्या वाफ्यांवर हे पीक फुकटात येतं. आमच्याकडे दोन काकू पिशवी घेऊन आल्याही होत्या.

आता मामा दर खेपेला काचेच्या ग्लासात थोडा गाळ घेऊन पॉलीचे थेंब सोडून बघतात, मगच प्रेस भरतात. केक खडखडीत निघतो. मला कापडं धुवायचं खातं मिळालंय. तुमच्याही सोसायटीत एसटीपी असेल तर पॉली आधी ग्लासात तपासा, ऑपरेटरचं ऐका आणि वाफ्यावरचे टोमॅटो कितीही लालबुंद दिसले तरी तोडू नका.