अर्ध्या तासाचा ऊस

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि आसपासच्या तालुक्यांतली पोरं कुळवाचं रुमणं सोडून कंपनीच्या बसमध्ये चढली. तो ओघ अजून आटलेला नाही. बजाजनगरात रूम घ्यायची, कंपनीत शिफ्ट करायची आणि सेकंड शिफ्ट सुटली की रात्री शेती करायची. मोबाइलवर.

आमच्या शेजारच्या पोराचा ‘हे डे’ या गेममध्ये असाच मळा आहे. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीने २०१२ साली काढलेला हा गेम. गहू दोन मिनिटांत, सोयाबीन वीस मिनिटांत, ऊस अर्ध्या तासात तयार. टोळीला उचल नाही, कारखान्यात नोंद नाही. कापायला विसरलात तरी पीक तसंच हिरवंगार उभं.

परवा गंगापूरकडून त्याचे वडील आले. पोराच्या खांद्यावरून त्यांनी मळा बराच वेळ न्याहाळला.

“पाणी कव्हा देऊ राह्यला?”

“द्यावंच नाही लागत, अण्णा.”

“म्हंजी रातच्या लाइटची वाट बघणं नाही?” अण्णा गप्प झाले. मग हळूच, “सातबारा?”

“माझ्या एकट्याच्या नावावर.”

“चुलत्यानं सही दिली?”

पोराने रस्त्याकडेचं दुकान दाखवलं. माल मांडायचा आणि भाव आपणच टाकायचा. अण्णा उठून बसले. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. तो मिळवायला आधी ओलावा बारा टक्क्यांच्या आत दाखवावा लागतो. मोबाइलमधल्या सोयाबीनला कुणी यंत्र लावून बघत नाही!

‘स्टारड्यू व्हॅली’ तर याहून धाडसी. २०१६ सालच्या या गेमचा नायक कंपनीतली नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर राहायला जातो. आणि एवढं करूनही गावात बारा जण त्याच्याशी लग्नाला तयार! (ही गोष्ट बजाजनगरात मोठ्याने सांगू नका. इथे नोकरी सोडल्याची नुसती कुणकुण लागली तरी मुलीकडचे फोन उचलत नाहीत.)

अण्णा सकाळच्या एसटीने परत गेले. तेव्हापासून पोरगं मात्र अधूनमधून गावाकडच्या तीन एकरांचा विषय काढतंय. म्हणून सुपरसेलवाल्यांना हात जोडून विनंती, पुढच्या अपडेटमध्ये एक तलाठी आणि एक अडत्या टाका. नाहीतर आमची पोरं खरंच शेतीला लागायची.