लग्न झालंय, पुरावा जोडतो

कोल्हापुरात एखाद्याचं लग्न झालंय की नाही, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. पेठेत मांडव पडलेला असतो, चौकात फ्लेक्स लागलेला असतो आणि वरातीनं रस्ता अडवलेला असतो. त्या वरातीमागं जो दुचाकी घेऊन अडकला, तो माणूस मरेपर्यंत साक्ष देईल. ऑस्ट्रेलियाचं सरकार मात्र त्या दिवशी इकडं नव्हतं. त्यामुळं त्याला सगळं कागदावर सांगायला लागतंय.

बायको मेलबर्नला नर्स आहे, तिथली कायम रहिवासी. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीचे हिशेब लिहितो. लग्न झालं, रजा संपली, ती परत गेली आणि आता ती मला स्पॉन्सर करणार आहे. ही बातमी कट्ट्यावर पोचली तेव्हा पहिला प्रश्न आला, "म्हणजे तू घरजावई होणार म्हण की!" सासरे राहतात सांगलीत आणि मी चाललोय मेलबर्नला, तर यात घरजावई कुठून आला, असं मी विचारलं. "बायकोच्या जिवावर चाललायस न्हवं? मग झालं तर." कायद्याचा अर्थ लावायला आमच्या कट्ट्याला फार वेळ लागत नाही.

आता पद्धत ऐका. आधी ३०९ क्रमांकाचा तात्पुरता व्हिसा. मग अर्ज केल्यापासून साधारण दोन वर्षांनी, लग्न अजून टिकून आहे का ते परत बघून, १०० क्रमांकाचा कायमचा. फी एकदाच भरायची, पण ती नऊ हजार डॉलरांच्या पुढं, म्हणजे पाच लाखांच्या वर. तेवढ्यात आमच्या गल्लीत जेवणासकट लग्न उरकतं आणि ते खरं आहे का म्हणून नंतर कुणी विचारायला येत नाही.

सुरुवात लग्नाच्या दाखल्यापासून. या गावाला लग्नाचा कागद नवा नाही. शाहू महाराजांनी १९१७ सालीच पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला होता. पण आमच्यासारख्यांना नोंदणी आठवते ती पासपोर्टचं काम निघाल्यावरच. महाराष्ट्राच्या १९९८च्या कायद्याप्रमाणं त्या अर्जावर नवरा-बायको, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी अशा सगळ्यांच्या सह्या लागतात. साक्षीदार चहावर मिळाले. भटजी मात्र ऐन मुहूर्तांच्या दिवसांत एका मांडवातून दुसऱ्या मांडवात पळत होते. शेवटी एका परक्या लग्नात, मंगलाष्टकं आणि सप्तपदी यांच्या मधल्या वेळात, मी त्यांची सही घेतली. तिथल्या वधूपित्यानं मला वऱ्हाडी समजून जेवायला बसवलं.

खरी गंमत पुढं आहे. नातं खरं आहे हे ऑस्ट्रेलियाचे साहेब चार अंगांनी तपासतात: पैसा, घर, समाज आणि एकमेकांशी बांधिलकी. मी हिशेबनीस माणूस. व्हाउचरशिवाय दहा रुपयांचा चहा मंजूर करत नाही. म्हटलं, हे तर आपलंच काम. चार फायली केल्या, कपाट उघडलं आणि लक्षात आलं की आमच्या लग्नाचे पुरावे ढीगभर आहेत, फक्त त्यांत आम्ही दोघं कुठंच नाही.

पैशाचं बघा. माझा पगार आईच्या हातात जातो. बायको पैसे पाठवते ते वडिलांच्या खात्यावर, कारण घराची डागडुजी त्यांच्या देखरेखीखाली चालू आहे. भिशी वहिनीच्या नावावर. दोघांचं म्हणून खातं नव्हतंच. ते आता अर्जासाठी उघडलंय आणि त्यात एकही व्यवहार नाही.

घराचं त्याहून अवघड. घरकामाची वाटणी तुम्ही दोघं कशी करता, असं विचारलंय. खरं उत्तर "आई करते" असं आहे. गॅस आईच्या नावावर, वीज आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटी रेशनकार्ड सापडलं. त्यात चुलतभावाच्या धाकट्याच्या खाली बायकोचं नाव आहे. चला, एका कागदावर तरी आम्ही एका घरात राहतो.

समाजाच्या फायलीत मात्र काही कमी नव्हतं. लग्नपत्रिकेत साठ-सत्तर नावं, दोन आमदार आणि तळाला "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" म्हणणारी सहा पोरं. मुलं किती या रकान्यात मी शून्य लिहिलंय. आता ही सहा कुणाची, ते वेगळ्या कागदावर समजावून सांगितलंय. फोटोंची तीच तऱ्हा. प्रत्येक फोटोत स्टेजवर पंधरा माणसं, मधे मामा, आणि मामाच्या फेट्याआड नवरी. चौकातल्या फ्लेक्सचाही फोटो आहे, पण त्यात नगरसेवक पुरुषभर आणि मी पासपोर्ट साइजचा. पाहणाऱ्याला वाटेल, लग्न त्यांचंच आहे.

राहिली बांधिलकी. त्यासाठी एकमेकांना पाठवलेले मेसेज जोडतात. हंगामाप्रमाणं मेलबर्नचं घड्याळ आपल्यापुढं साडेचार नाही तर साडेपाच तास असतं. ती ड्यूटीवरून घरी येते तेव्हा माझ्याकडं भट्टी पेटलेली असते. त्यामुळं संवाद असा:

"जेवलास?"
"हो."
"काय?"
"आमटी."
"परत?"

अशी पानंच्या पानं. एका जाणत्या मित्रानं सल्ला दिला, जरा प्रेमाचं लिहा, साहेब वाचणार आहे. म्हणून एका दुपारी मी लिहिलं की तुझ्याशिवाय करमत नाही. लगेच तिचा फोन. "काय झालं? बीपी तपासलंस का? आईंना फोन दे." नर्सशी लग्न केल्यावर प्रेमालाही लक्षणं म्हणतात. प्रयोग तिथंच थांबवला आणि आमटीच जोडली.

पूर्वीची परीक्षा वेगळी होती म्हणे. १९०१च्या कायद्यानं ऑस्ट्रेलियात नको असलेल्या माणसाला युरोपातल्या कुठल्याही भाषेत पन्नास शब्दांचं शुद्धलेखन घालायचे. इंग्रजी येत असेल तर दुसरी भाषा काढायचे. हेतू नापास करण्याचाच. १९५८ साली ते बंद झालं, ते बरंच झालं. पण पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत कांदेपोह्यांची ताटली मधे ठेवून झालेली पहिली भेट, आणि त्यात आम्ही दोघं सोडून सगळे बोलले, हे "नात्याची सुरुवात कशी झाली" या प्रश्नाखाली लिहून बघा. ते पन्नास शब्दांत बसलं असतं.

मग लागतात ओळखीच्यांची निवेदनं. हे नातं खरं आहे असं तुम्हाला का वाटतं, ते त्यांनी आपल्या शब्दांत लिहायचं. तिकडून तिच्या दोन मैत्रिणींनी छान लिहिलं. इकडून मी काकांना गाठलं. काका निवृत्त हेडमास्तर, शिवाजी पेठेत राहतात, सही करायच्या आधी प्रत्येक कागद दोनदा वाचतात.

"तुमच्या दोघांतलं मला काय ठाऊक?" काका म्हणाले. "ते कसं लिहू?"

"काका, सगळे लिहितात."

"सगळ्यांचं राहू दे. मी खोटं लिहिणार नाही."

दोन दिवसांनी त्यांनी लाल समास आखलेला फुलस्केप दिला. त्यात मुलीच्या आजोबांची ओळख होती, त्यांच्या शेताची हद्द होती, मुलीच्या शिक्षणाचं कौतुक होतं. माझ्याबद्दल एकच ओळ होती: "मुलगा लहानपणापासून धांदरट असून त्याच्याविषयी हमी देता येत नाही, परंतु इतक्या लांबून मुलगी त्यास सांभाळून घेत आहे, हे मी स्वतः पाहिले आहे."

मी तो कागद बायकोला पाठवला आणि विचारलं, काकांकडून दुसरं लिहून घेऊ का?

"काही नको," तिचं उत्तर आलं. "हा सगळ्यात वर लाव. जेवलास?"