काटेवाडीच्या मेंढ्या आणि मॅटीवरचे हंस

बारामती-इंदापूरकडच्या लग्नात रुखवतापाशी क्षणभर रेंगाळलं, की हंसांची जोडी भेटायचा संभव दाट. मागे फॅब्रिक पेंटचा निळाशार तलाव, उतरत्या छपराचं घर आणि त्याच्याही मागे बर्फाचा डोंगर. ज्या मुलखात आषाढातसुद्धा ढगाची मनधरणी करावी लागते, तिथल्या मॅटीच्या कापडावर बारमाही बर्फ! इकडे इंदापूर तालुक्यातच, भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. गुलाबी, उंच, एका पायावर निमूट उभे राहणारे. चित्रासाठी असं न हलणारं गिऱ्हाईक शोधून सापडायचं नाही. पण त्यांना रुखवतात मज्जाव. रंग, दोरा आणि सुईने केलेल्या चित्राला आपण कलेच्या पंगतीत न बसवता 'मुलीच्या हाताला वळण आहे' एवढ्यावर वाटेला लावतो. माझ्या मते यात दोष हाताचा नाही, हंसाचा आहे.

हात किती तयार असतो ते पाहायचं तर चौकट उलटी करावी. जाणत्या बायका चित्र पुढून नव्हे, मागून तपासतात. गाठींचा गुंता दिसला की निकाल लागला. आता हेच कसब रोहितावर लावून बघा. आधी कापडावर पाण्याचा पातळ रंग द्यायचा, वाळला की उलट बाजूने इस्त्री फिरवायची. मग काडीसारख्या पायांना दांडीटाका, पंखांना गुलाबीच्या तीन छटांत लांब-आखूड टाका, चोचीच्या टोकाला तेवढा काळा. लडीतला दोरा सहापदरी असतो. पाण्यावरच्या लहरीला त्यातला एकच पदर पुरे, उसाच्या पाचटाला मात्र सहाच्या सहा हवेत. आणि गाठीचा टाका? तो तर मेंढीसाठीच जन्माला आला असावा. तुकोबांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. अख्खा कळप गाठीगाठींनी भरायचा, पायघड्यांना खऱ्या जुन्या धोतराची पट्टी जोडायची. दुसऱ्या कुठल्या तालुक्याला हा विषय असा आयता मिळणार आहे?

यावर कुणी म्हणेल, रुखवतात मंगल काहीतरी हवं, हंस सरस्वतीचा. मान्य, पण पालखीहून मंगल ते काय असायचं? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ऊस आणि मेंढ्या रोज दारात, भिंतीवर तरी वेगळं दिसू दे. त्यावर फ्रान्समधल्या बायोच्या भरतकामाकडे बोट दाखवावं लागेल. अकराव्या शतकातलं, सुमारे सत्तर मीटर लांब, तागाच्या कापडावर लोकरीने भरलेलं. विषय इंग्लंडवरच्या स्वारीचा, पण त्यात जहाजांसाठी झाडं तोडणारे आहेत, स्वयंपाक करणारे आहेत, धूमकेतूकडे बोट दाखवणारेही आहेत. त्या भरणाऱ्यांनी रोजचं म्हणून ते गाळलं असतं, तर आज ते बघायला कोण गेलं असतं? राहिला छाप्याचा प्रश्न. बाजारात हंसाचा छापा तयार मिळतो, रोहिताचा नाही, हे खरं. पण भिगवणला जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये रोहित असतोच. त्याची प्रत काढून कार्बन पेपरने कापडावर उतरवायला चित्रकलेची परीक्षा द्यावी लागत नाही.

यंत्राची भीती घालणारेही आहेत. बारामतीत टेक्स्टाइल पार्क उभा आहे आणि संगणकावरचं भरतकाम करणारी यंत्रं आता कुठेही मिळतात. हंस तर यंत्र हातापेक्षा नीटनेटका काढेल, म्हणून हंसावर त्याच्याशी झुंजण्यात अर्थ नाही. झुंजायचं ते आपल्या मुलखातल्या विषयावर. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हटलं की पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर वर येतं. त्यातलं किती रंगात बुडवायचं आणि किती दोऱ्याने वर काढायचं, हे मात्र भरणारीच ठरवणार. तेव्हा येत्या लगीनसराईसाठी मॅटी आणायला निघालेल्या मायलेकींनो, दुकानात पांढऱ्या दोऱ्याच्या लड्या जरा कमी घ्या आणि गुलाबीच्या तिन्ही छटा मागा.