तोरणमाळला तळ्याकाठी : खान्देशी नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

पारा चव्वेचाळीसला टेकला, कूलरमध्ये बादल्या ओतून कंबर धरली, की जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी म्हणतंच, ‘यंदा चार दिवस थंड हवेला जाऊ.’ नवशिक्याने पहिला धडा इथेच घ्यावा. हे वाक्य ज्याच्या तोंडून निघतं, गाडी ठरवण्यापासून आप्पांच्या गोळ्या मोजण्यापर्यंतचं सगळं त्याच्याच गळ्यात पडतं. म्हणून ते दुसरं कोणी बोलेपर्यंत कळ काढावी. तुमच्याच तोंडून निघून गेलं असेल, तर पुढचं वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

ठिकाण ठरवताना आधी महाबळेश्वर, अबू आणि सिमला यांवर यथेच्छ चर्चा होऊ द्यावी. चर्चेला पैसे पडत नाहीत. मग रेल्वेची वेटिंग लिस्ट बघून सगळे आपोआप उत्तरेकडे, म्हणजे सातपुड्याकडे बघू लागतात. तिथे तोरणमाळ आहे. पठार आहे, पठारावर यशवंत तलाव आहे आणि तलावाच्या आसपास उतरायला खोल्या आहेत. घरात धुळ्याचं कोणी असलं तर ते ‘आमचं तोरणमाळ’ असं म्हणेल. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि तोरणमाळ तिकडे गेलं, हे त्याला सांगू नये. त्याला ते माहीत आहे. मान्य नाही, एवढंच.

आता थंडीचं गणित. जळगाव समुद्रसपाटीपासून 209 मीटरवर, तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटरवर. हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे खाली चव्वेचाळीस असताना वर अडतीसच्या आसपास. हे गणित कुटुंबप्रमुखाने मनातल्या मनात करून मनातच ठेवावं. पुण्याचा माणूस अडतीसला घाम पुसत तक्रार करील. भुसावळहून आलेला माणूस त्याच अडतीसला ‘हवेत गारवा आहे बुवा’ म्हणून कानाला रुमाल बांधील. खान्देशात थंडी थर्मामीटरवर नसते, वजाबाकीत असते. रात्री मात्र वर खरोखरच पांघरूण लागतं. तेव्हा गोधड्या घ्याव्यात.

खरी कसोटी तारीख काढण्यात आहे, आणि इथेच बहुतेक सहली बारगळतात. सुट्टी लागली म्हणजे निघता येतं, असा समज शहरात शिकून आलेल्यांचा असतो. आखाजीच्या आधी कोणीही हलत नाही. लेकीबाळी माहेरी यायच्या असतात, गौराई बसलेली असते, निंबाला झोके बांधलेले असतात, पितरांची घागर भरायची असते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस व्हायचा असतो. शेती असलेल्या घरात त्याच दिवशी सालदाराचं वर्ष संपून नवं ठरतं. बोलणी फिसकटली तर मालक स्वतःच गोठ्यात अडकतो. आखाजी झाली की पाठोपाठ वाळवणं. बिबड्यांचं पीठ रात्री भिजलेलं असताना सकाळी सहलीला निघू या, असं म्हणणारा जावई अजून जन्माला यायचा आहे. कुरडया वाळल्या, पापड डब्यात गेले, की लग्नाच्या दाट तिथी. एका दिवसात तीन गावांत अक्षता टाकून यायचं असतं. अधिक महिना आला तर लग्नं थांबतात, असं वाटून हुरळून जाऊ नये. अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण आणि वाण द्यायचं असतं. आणि मेअखेरीस, विहिरीला पाणी असलेल्यांची कापसाच्या लागवडीची घाई.

या सगळ्यांतून जी फट उरते, ती साधारण अडीच दिवसांची असते. तीच तुमची चार दिवसांची सहल.

फट सापडली की खोलीचं बघावं. तलावाच्या बाजूचीच खोली हवी, असा आग्रह मुलं धरतील. होय म्हणावं. सरकारी विश्रामगृह मिळालं तर उत्तम, पण आयत्या वेळी कोणी साहेब दौऱ्यावर निघाले तर आपण कुठे झोपायचं, हेही आधीच ठरवून ठेवावं. नानांचा एक मित्र ‘तिथं माझी ओळख आहे’ असं सांगेल. ओळखीवर खोली मिळत नाही. ओळख असलेला माणूस मात्र सहकुटुंब गाडीत येऊन बसतो.

सामानाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कारण तुम्हाला कोणी विचारणार नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं आणि थंड पाण्याचा जार एवढं गाडीत चढलं म्हणजे झालं. फुई प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा घालतील, ऊन लागू नये म्हणून. निमूट घालू द्यावा. आप्पा मात्र शेवटपर्यंत ओट्यावरून उठणार नाहीत. ‘आपला गावले काय कमी शे?’ हा त्यांचा प्रश्न उत्तरासाठी नसतो. आधी त्यांची खुर्ची गाडीत ठेवावी, मागोमाग ते येतात.

जळगावकरांनी पहाटे पाचला निघावं, म्हणजे सात वाजता निघता येतं. विदगावला तापी ओलांडली की चोपडा, शिरपूर, शहादा असा सातपुड्याच्या पायथ्याने जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता लागतो. चोपड्याच्या अलीकडे अडावदपाशी कोणाला तरी उनपदेवची आठवण येईल. ठिकाण सुंदर आहे, पण तिथे गरम पाण्याचा झरा आहे, आणि आपण उन्हापासून पळ काढला आहे. गाडी थांबवू नये. शहाद्यात जेवून घ्यावं आणि शेवभाजी ‘कमी तिखट’ मागू नये. मागितली तरी तशी येत नाही. पुढे पन्नासेक किलोमीटर राहतात. म्हसावद मागे पडलं की डोंगर अंगावर येतो, सात पायरीचा घाट सुरू होतो आणि मागच्या सीटवर लिंबाची शोधाशोध चालते.

वर पोचल्यावर पहिला तास अपेक्षाभंगासाठी राखून ठेवावा. मोबाइलवर दाखवलेला सीताखाईचा धबधबा ऑगस्टमधला होता, तुम्ही मेमध्ये आला आहात. दरी तेवढीच खोल आहे, पाणी तेवढं नाही. तलाव मात्र दगा देत नाही. 1880 च्या खान्देश गॅझेटिअरमध्येही या पठाराची आणि तळ्याची नोंद आहे, म्हणजे त्याला बघे काही नवे नाहीत. संध्याकाळी काठावर बसावं, गोरखनाथाला जाऊन यावं, खडकी पॉइंटवरून दऱ्या बघाव्यात. एवढ्यात कार्यक्रम संपतो. मग पत्ते निघतात. आखाजीला राहिलेला डाव इथे पुरा होतो आणि समोर एवढं मोठं तळं असताना सगळी मंडळी पाठ करून बदामसत्तीत गुंतते. हे बिघडलं असं मानू नये. यासाठीच आलो होतो.

एक काम मात्र आवर्जून करावं. या दिवसांत सातपुड्यातल्या पाड्यांवर आमचूर चाललेला असतो. कैऱ्या उतरवायच्या, साली काढायच्या, कापायच्या आणि अंगणात, खडकावर, जिथे ऊन मिळेल तिथे पसरायच्या. आजीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळं घर त्यात असतं. फोडी पांढऱ्या राहिल्या तर भाव बरा, वळवाने गाठलं आणि त्या काळ्या पडल्या तर तो घसरतो. म्हणून तिथली माणसं ढग बघून हरखत नाहीत. तुम्ही ‘व्वा, पाऊस आला तर काय मजा!’ असं त्यांच्यासमोर ओरडू नये. मुलांनाही आधीच बजावून ठेवावं.

भाव फुईच विचारतील. ऐकून म्हणतील, ‘एवढ्याला? घरी कैऱ्या पडल्यात ढिगाने.’ समोरची बाई काही बोलणार नाही, फोडी उलटवत राहील. फुई चार पावलं जाऊन परत येतील आणि सांगितलेल्याच भावाने दोन किलो घेतील. तेव्हा गाडीच्या डिकीत तेवढी जागा ठेवावी, आणि ती खुर्चीखाली नको. परतीच्या घाटात आप्पांची खुर्ची घसरते.