मंगळाचं पोवळं

पुसदच्या सराफाकडे जाऊन पोवळं मागणाऱ्याच्या घरात बहुधा कुणीतरी लग्नाचं असतं. पत्रिकेत मंगळ, स्थळं येतात आणि पोहे खाऊन जातात. मग कुणी जाणकार सांगतो, अनामिकेत पोवळं घाला, मंगळवारी. ज्याच्या गळ्यात ही जबाबदारी पडते, त्या पोवळ्याची चौकशी मात्र कुणी करत नाही.

पूस नदीपासून समुद्र जवळपास पाचशे किलोमीटर. तरी तो इथे अगदीच परका नाही; बंजारा बायकांच्या पेहरावावर कवड्या कधीच्या येऊन बसल्यात. पोवळं त्याहून लांबचं. अस्सल लाल पोवळं, म्हणजे कोरॅलियम रुब्रम, भूमध्य समुद्रात आणि लगतच्या अटलांटिकमध्ये वाढतं. त्याचे भाऊबंद जपान, तैवान, हवाईच्या खोल पाण्यात. रोमन बायकांना हिंदी मोत्यांचं जेवढं अप्रूप, तेवढंच हिंदी माणसांना पोवळ्याचं, असं प्लिनीने पहिल्या शतकातच लिहून ठेवलंय. दोघांनाही दुसऱ्याच्या दारातलंच हवं होतं!

आपण बोटात घालतो तो नुसता सांगाडा. त्यावर नांदतात आठ हातांचे इवलेसे पांढरे जीव, अगदी एकत्र कुटुंबासारखे. आतून नळ्यांनी जोडलेले; घास एकाने पकडावा, पोट सगळ्यांचं भरावं, आणि वाटणीचा दावा नाही. मालवणच्या उथळ पाण्यातली प्रवाळं अंगातल्या शैवालाच्या जिवावर उन्हात जगतात. याच्याकडे ती सोय नाही, म्हणून कपारीतल्या अंधारात वाहत येईल ते खायचं. मार्सेयच्या पेसोनेलने 1720 च्या दशकात सांगितलं, हे झाड नव्हे, प्राणी आहेत. पॅरिसच्या विद्वानांनी ते हसण्यावारी नेलं.

वाढ म्हणाल, तर जाडी वर्षाला जेमतेम पाव मिलिमीटर, फार तर थोडी जास्त. आठ मिलिमीटरचा मणी निघायला 25-30 वर्षं हवीत. म्हणजे नवरदेवाचं लवकर जमावं म्हणून आपण त्याच्याच वयाचा, कदाचित वडीलधाराच, सांगाडा घरी आणतो. (बाजारात रंगवलेली काचही पोवळं म्हणून खपते. मंगळाला फरक कळतो का, ते ज्योतिषी जाणोत.)

पोवळ्यांत नर-मादीच्या वसाहती वेगळ्या. नर आपलं बीज प्रवाहात सोडून मोकळा होतो. पत्रिका नाही, गुण जुळवणं नाही. अळ्या मादीच्या पोटात वाढतात आणि तिकडच्या भर उन्हाळ्यात बाहेर पडून बहुधा जवळच्याच खडकाला चिकटतात, त्या कायमच्या. तिकडचा भर उन्हाळा म्हणजे जुलै-ऑगस्ट. आपल्याकडे तेव्हा चातुर्मास लागलेला असतो आणि पंचांगात शोधूनही मुहूर्त सापडत नाही.