फी विशेष, वागणूक सर्वसाधारण

महाराष्ट्राच्या क्रीडापरंपरेवर पुष्कळ लिहून झालं आहे, पण तिच्या हवाई दूरदृष्टीचं कौतुक अजून कुणी केलेलं दिसत नाही. कुस्ती, कबड्डी, खो-खो या तिन्ही खेळांत खेळाडू पोचला की साहित्यही पोचलेलं असतं. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीच्या प्रवासासाठी पैसे उभे करताना नाकी नऊ आले हे खरं, पण ब्राँझपदक मिळवून देणारा सगळा ऐवज त्यांच्या अंगातच होता. धोबीपछाड कितीही भारी असली तरी तिचं वजन काट्यावर येत नाही. हाल होतात ते सायकल, सर्फबोर्ड, गोल्फचे दांडके किंवा भाला घेऊन स्वस्त विमान गाठणाऱ्यांचे. स्वस्त विमान कंपन्यांच्या लेखी क्रीडासाहित्य ही सामानाची एक वेगळी जात आहे. तिला वेगळी फी आहे, वेगळा फॉर्म आहे आणि काउंटरवरच्या मुलीच्या चेहऱ्यावर तिच्यासाठी राखून ठेवलेला एक वेगळा थकवाही आहे. या फीला माझी हरकत नाही. माझी तक्रार आहे ती फी घेतल्यानंतरच्या वागणुकीबद्दल.

आधी फीचा निकाल लावू. खेळाडूंचा नेहमीचा युक्तिवाद वजनाचा असतो. फ्रीस्टाइल कुस्तीतला सर्वांत वरच्या गटातला पैलवान १२५ किलोंपर्यंतचा असतो. तो आपली १५ किलोंची बॅग टाकून साध्या तिकिटात उडतो. पंचावन्न किलोंचा सडपातळ ट्रायथलीट मात्र आठ-नऊ किलोंच्या सायकलपायी जादा पैसे मोजतो, आणि कधीकधी सायकलचं भाडं स्वाराच्या भाड्याला मागे टाकतं. विमानाला किलो कळतो, पैलवान की पेडल हे कळत नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण या तर्काचा शेवट कुठे होतो ते जगाने पाहिलं आहे. सामोआ एअर या छोट्या कंपनीने २०१३ साली प्रवाशांनाच वजनावर भाडं लावलं. आपल्याकडे तसं झालं तर लग्नसराईत विमानतळावर जे होईल त्याची कल्पनाच केलेली बरी. शिवाय सायकलच्या खोक्याचा प्रश्न वजनाचा नाहीच. ते खोकं चार सुटकेसची जागा अडवतं, पट्ट्यावर मावत नाही, दोघांना उचलावं लागतं. छोट्या विमानांत सामान हातांनीच रचतात आणि तिथे धड उभंही राहता येत नाही. तेव्हा जागेचे आणि श्रमाचे पैसे घ्या. शेजारच्या सीटवरच्या आजीबाईंनी माझ्या हौसेचा खर्च आपल्या तिकिटातून का सोसावा?

मात्र नियमांमागे प्रत्येक वेळी गणित असतं असं कुणी म्हणू लागला तर त्याला क्रिकेटची बॅट दाखवावी. केबिन बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटिमीटरच्या आत असावी लागते. क्रिकेटच्या कायद्यानुसार बॅट जास्तीत जास्त ९६.५२ सेंटिमीटर लांब, १०.८ रुंद आणि ६.७ जाड असू शकते. बेरीज ११४.०२. म्हणजे कायद्यातली मोठ्यात मोठी बॅटही बेरजेत पास! तरी ती केबिनमध्ये नेता येत नाही, कारण सुरक्षेच्या यादीत ती हत्यार आहे. ते योग्यच आहे. आपल्या फलंदाजांचे बाद दिल्यावरचे चेहरे ज्यांनी पाहिले आहेत ते वाद घालणार नाहीत. सायकल विमानात देताना तिच्या टायरमधली हवा काढायला लावण्याचं मात्र समर्थन अवघड आहे. रोड बाइकच्या टायरमध्ये शंभरेक पीएसआय हवा असते. विमानाच्या पोटातही दाब राखलेला असतो, साधारण आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा. म्हणजे जमिनीच्या तुलनेत फरक चार पीएसआयच्या आत. टायर थेट अंतराळात नेला तरी फरक पंधरावर जात नाही. पंपावरचा पोरगा फोनवर बोलता बोलता याहून जास्त भरतो.

आता मुद्द्याचं. ट्रायथलॉनचं वेड आता घरोघरी शिरलं आहे. गोव्यात २०१९ पासून आयर्नमॅनची अर्ध्या अंतराची शर्यत होते, त्यात ९० किलोमीटर सायकल असते. अशा शर्यतीला निघालेला माणूस सायकल बांधतो तेव्हा पाहावं. पुढचं चाक काढलं, हँडल वळवून फ्रेमला बांधलं, पेडल सोडवले (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे कळेपर्यंत बोटांची सालं निघतात), मागचा डिरेलर खोलून फोममध्ये गुंडाळला, कारण त्याचा हँगर नुसत्या धक्क्याने वाकतो आणि मग गिअर मनाला येईल तसे पडतात. एवढी देखभाल बाळंतिणीचीही होत नाही. मग विमानतळावर त्याच्यासमोर एक टॅग येतो. त्यावर सही करायची, की वस्तू नाजूक आहे, बांधणी अपुरी असू शकते, नुकसान झाल्यास कंपनी जबाबदार नाही. म्हणजे पैसे घेताना सायकल इतकी विशेष की तिला साधी बॅग म्हणता येत नाही, आणि मोडल्यावर इतकी सामान्य की तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही उरत नाही.

टॅगवर सही केली नाही तरी भरपाईला छत आहेच. देशांतर्गत प्रवासात सामानाच्या नुकसानीची कमाल मर्यादा २०,००० रुपये. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल कराराने ती डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबी एकक) केली, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. चांगली कार्बन फायबरची सायकल याच्या पुढे सहज जाते. त्याच करारात नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करायची अट आहे. कार्बनची बारीक चीर रंगाखाली दडून बसते आणि महिन्याभराने एखाद्या घाटात तोंड उघडते. तेव्हा तक्रार कुणाकडे करायची?

यावर कुणी म्हणेल, जादा किंमत आधी जाहीर करा, जादा पैसे भरा, करारात तशी सोय आहे. आहे, पण ती विचारली की काउंटरवरची मुलगी सुपरवायझरला बोलावते, सुपरवायझर फोन लावतो आणि मागच्या रांगेतले लोक आपल्याकडे असे पाहू लागतात की किंमत मागे घ्यावीशी वाटते. दुसरा म्हणेल, स्वस्त तिकीट काढायचं आणि वर तोरा. अहो, स्वस्त तिकीट माणसाचं होतं. सायकलचं स्वस्त नव्हतं. तिसरा म्हणेल, तिथेच भाड्याने घ्या. गोल्फचे दांडके मिळतात भाड्याने. पण पोल व्हॉल्टचा बांबू खेळाडूच्या वजनाला आणि पकडीला जुळवून घेतलेला असतो, आणि तो चार-पाच मीटरचा असल्याने कित्येक विमानांत शिरतच नाही.

एवढी काळजी घेणं जमत नाही, हा शेवटचा बचाव. पण रायफलीच्या बाबतीत तर जमतं. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ जिंकलं, आणि तेव्हा तो नोकरीला रेल्वेत तिकीट तपासनीस होता. नेमबाजाची रायफल विमानात कशी जाते पाहा: परवाना तपासतात, रिकामी असल्याची खात्री करतात, कुलूपबंद पेटी, गोळ्या वेगळ्या, आणि पोचल्यावर बहुतेकदा पट्ट्यावर न सोडता मालकाच्या हातात. रायफल कुणी फेकत नाही. कायद्याने डोळे वटारले की तेच हात हळुवार होतात. सायकलसाठी कायदा डोळे वटारत नाही, म्हणून निदान फीने तरी वटारावेत. जी कंपनी विशेष सामान म्हणून पैसे घेईल तिने तो टॅग उलटा छापावा: वस्तू नाजूक आहे हे आम्हाला समजलं आहे, तिचे वेगळे पैसे आम्ही घेतले आहेत. आणि खाली सही आमची नको, त्यांची हवी, शिक्क्यासकट.